जॉब स्वच्छ आहे हे आकड्यांत कसं दाखवायचं: मशीन केलेल्या भागांची स्वच्छता चाचणी, पायरीपायरीने

रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही मशीनशॉपमध्ये विचारा, "जॉब स्वच्छ आहे का?" उत्तर ठरलेलं असतं, "हो, धुऊन, हवा मारून दिलाय." वाहन उद्योगातल्या ग्राहकाला हे उत्तर आता पुरत नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटी ओळ येते: आयएसओ १६२३२ (वाहनांच्या भागांच्या स्वच्छता चाचणीचं मानक) प्रमाणे तपासणी, एका भागावर कचरा इतक्या मिलिग्रॅमच्या आत, धातूचा कण ६०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा नको. ही ओळ बरेचदा कोटेशन देताना कुणी वाचत नाही आणि पहिला लॉट परत आला की सगळे वाचतात.

ग्राहक उगाच अडत नाही. डिझेल इंजेक्टर, एबीएसचे व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक स्पूल यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच असते. तिथे क्रॉस होलमधून सुटलेला एक बर (मशीनिंगनंतर कडेला राहिलेला धातूचा पातळ तुकडा) अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये धातूचा कण दोन टर्मिनलांमध्ये पडला की शॉर्ट होतो. कण किती जड आहे यापेक्षा किती मोठा, कशाचा आणि कुठे बसला, यावर नुकसान ठरतं.

चाचणी म्हणजे भाग द्रवाने धुवायचा, तो द्रव फिल्टरमधून गाळायचा आणि फिल्टरवर उरलेल्या कणांचं वजन आणि आकार मोजायचा. ती करताना एक गोष्ट कायम डोक्यात ठेवावी लागते. फिल्टरवर जे दिसतं ते सगळं भागावरचं नसतं, आणि भागावर जे होतं ते सगळं फिल्टरवर आलेलं नसतं. खोलीतली धूळ, बीकरच्या कडेचा कण, ॲप्रनचा धागा हे निकालात मिळतात. आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या, होलमधला धातूचा बुरादा मात्र आतच राहतो. या दोन्ही चुका किती मोठ्या आहेत हे आधी मोजलं नसेल, तर शेवटच्या आकड्यावर सही करण्यात अर्थ नाही. म्हणून पुढे सगळ्यात जास्त जागा त्याच दोन गोष्टींना दिली आहे.

आधी ओळ नीट वाचा

आयएसओ १६२३२ पहिल्यांदा २००७ मध्ये दहा भागांत आलं. २०१८ मध्ये ते एकाच दस्तऐवजात सुधारून आलं आणि जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या (व्हीडीए) व्हीडीए १९.१ या खंडाशी जुळवून घेण्यात आलं. त्या व्हीडीए खंडाची सुधारित आवृत्ती २०१५ ची. ड्रॉइंगवर दोन्हींपैकी कुठलंही नाव असलं तरी कामाची पद्धत जवळपास सारखीच राहते. आयएसओ ४४०६ मात्र वेगळं आहे. ते तेलातल्या कणांसाठी आहे, भागावरच्या कणांसाठी नाही. हायड्रॉलिकचे ग्राहक कधीकधी भागाच्या ड्रॉइंगवरही तोच कोड टाकतात. तसं दिसलं तर काम सुरू करण्याआधी ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या.

मग चार प्रश्नांची उत्तरं शोधा. मर्यादा वजनाची आहे, कणांच्या संख्येची आहे की सगळ्यात मोठ्या कणाची? ती एका भागामागे आहे, १००० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागामागे आहे की १०० घन सेंटिमीटर ओल्या आकारमानामागे? पूर्ण भाग धरायचा की फक्त आतला तेलाचा मार्ग? आणि तंतू मोजायचे की वगळायचे? चौथ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतं आणि वाद तिथेच होतो.

आयएसओ १६२३२ मध्ये मर्यादा कोडमध्येही लिहितात, उदाहरणार्थ एच४. त्यातलं अक्षर हे कणाच्या आकाराचं असतं. एच म्हणजे २०० ते ४०० मायक्रॉन, आय म्हणजे ४०० ते ६००, जे म्हणजे ६०० ते १०००. अक्षराशेजारचा आकडा ही कणांची थेट संख्या नसते, तो वर्ग असतो. एच४ म्हणजे त्या आकाराचे ८ पेक्षा जास्त, १६ पर्यंत कण. एच५ म्हणजे १६ पेक्षा जास्त, ३२ पर्यंत. दोन शून्य म्हणजे एकही कण चालणार नाही. एच४ वाचून "चारच कण चालतील" असं समजून भाग रिजेक्ट करणारे क्यूसीवाले आहेत, आणि त्यात चांगला माल वाया जातो.

नमुना कुठून उचलायचा

ग्राहकाच्या हातात भाग ज्या अवस्थेत पडतो त्या अवस्थेतला नमुना घ्या, म्हणजे शेवटची धुलाई, रस्ट प्रिव्हेंटिव्ह (गंज रोखणारं) तेल आणि पॅकिंग झाल्यावरचा. वॉशिंग मशीनच्या तोंडाशी घेतलेला नमुना मशीन नीट चालतंय का ते सांगतो, डिस्पॅचबद्दल काहीच सांगत नाही. नवी मुंबईहून चाकणला जाणारा माल घाटातून हादरे खात जातो. ट्रेमध्ये भाग भागावर घासले तर वाटेतच नवे कण तयार होतात. त्यामुळे वाद झालाच तर पॅकिंग पिशवी आतून धुऊन निघालेले कण वेगळ्या फिल्टरवर घ्या. कण भागातून आले की पिशवीतून, ते तिथेच कळतं.

नमुन्याला हवा मारायची नाही, कॉटन वेस्टने पुसायचं नाही. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घालून उचलायचा आणि स्वच्छ, धागे न सोडणाऱ्या पिशवीत बंद करायचा. मोजायचा पृष्ठभाग आतलाच असेल तर बाहेरचा भाग आधी स्वच्छ करा आणि तोंडं बंद ठेवा. स्क्रू खोलावे लागत असतील तर ते चाचणीच्या टेबलापासून लांब खोला, कारण थ्रेड सुटतानाच कण पाडतात.

लोखंडी भागाचा उरलेला चुंबकपणा तपासा. मॅग्नेटिक चकवर ग्राइंड झालेला जॉब डीमॅग्नेटाइज झाला नसेल, तर कितीही धुवा, बारीक बुरादा कडांना चिकटूनच राहतो. अहवाल छान येतो आणि भाग घाण असतो. चुंबकपणा मोजणारा गाऊसमीटर नसेल तर साध्या स्टेपल पिनेने अंदाज घ्या. पीन जॉबच्या कडेला लटकली तर आधी डीमॅग्नेटाइजरवर न्या.

खोली आणि सामान

क्लीनरूम असलीच पाहिजे असं नाही. ६०० मायक्रॉनची मर्यादा असेल तर बंद दाराची, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, पंखा नसलेली खोली चालते. शटर उघडं ठेवून ठाणे-बेलापूर रोडच्या धुळीत मात्र ही चाचणी होत नाही, आणि ग्राइंडरच्या शेजारी तर नाहीच. मर्यादा १०० मायक्रॉनच्या आसपास आली की लॅमिनार फ्लो कॅबिनेट (गाळलेल्या हवेचा एकसारखा झोत असलेली पेटी) घ्यावं लागतं. खोली पुरेशी स्वच्छ आहे का, हे ब्लँक, म्हणजे भाग न ठेवता केलेली, चाचणीच सांगते.

सामान असं लागतं: स्टीलचा गुळगुळीत, तळाशी उतार असलेला ट्रे, दाबाने सॉल्व्हंट सोडणारी बाटली किंवा पंप आणि तिच्या तोंडाशी फिल्टर, काचेची बीकरं, व्हॅक्यूम फिल्टरेशन सेट, ४७ मिमीचे मेम्ब्रेन फिल्टर, ओव्हन, डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं), वजनकाटा, सूक्ष्मदर्शक. बाटलीच्या तोंडाचा फिल्टर हा तपासणीच्या फिल्टरपेक्षा बारीक हवा, नाहीतर सॉल्व्हंटमधलाच कचरा मोजला जाईल.

सॉल्व्हंट निवडताना फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, बघा. ६० अंश सेल्सिअसच्या वर फ्लॅश पॉइंट असलेला कोल्ड क्लीनर प्रकारचा हायड्रोकार्बन सॉल्व्हंट बहुतेक तेलकट भागांना चालतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट १२ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याकडे वर्षभर, अगदी डिसेंबरातही, तो पेट घेण्याच्या तयारीत असतो. पेट्रोलचं तर नावच काढू नका. पाण्याचे किंवा कुलंटचे डाग असतील तर पाण्यात मिसळणारं डिटर्जंट जास्त उपयोगी पडतं.

कण सोडवणं

पद्धत भागाच्या आकारावरून ठरते. बाहेरून सगळीकडे हात पोचतो असा भाग असेल तर प्रेशर रिन्सिंग, म्हणजे दाबाच्या धारेने धुणं. व्हीडीए आणि आयएसओ सुरुवातीसाठी २.५ मिमीचं गोल नोझल आणि मिनिटाला साधारण १.५ लिटर प्रवाह सुचवतात. धार वरून खाली, कोपऱ्याकोपऱ्यात, होलच्या दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. क्रम लिहून भिंतीवर लावा. पहिल्या शिफ्टचा माणूस आणि दुसऱ्या शिफ्टचा माणूस वेगळ्या क्रमाने धुऊ लागले की निकालात फरक पडतो आणि दोष मशीनला दिला जातो.

पाइप, मॅनिफोल्ड अशा आतून पोकळ भागांसाठी आतून जोराने द्रव खेळवतात. दोन्ही टोकं बंद करता येणाऱ्या भागात द्रव भरून हलवतात. लहान, गुंतागुंतीच्या स्टील भागांसाठी अल्ट्रासॉनिक बाथ चालतो, पण ओतीव लोखंड आणि सच्छिद्र ॲल्युमिनियम कास्टिंगवर तो जपून वापरा. अल्ट्रासॉनिक तिथे भागाचाच पृष्ठभाग खातो आणि मग कण संपतच नाहीत. अल्ट्रासॉनिकनंतरही शेवटी धारेने धुवावंच लागतं, कारण सुटलेले कण भागाच्या खाचांत बसून राहतात.

ट्रे आणि बीकर शेवटी धुऊन तोही द्रव त्याच फिल्टरमधून सोडा. सगळ्यात जड कण ट्रेच्या कोपऱ्यात राहतात आणि नेमका तोच कण मर्यादेबाहेरचा असतो.

डिक्लाइनिंग टेस्ट

आपल्या धुण्याने कण पुरेसे सुटतात का हे बघायला, प्रत्येक नव्या भागासाठी ही एकदा करावीच लागते. एकच भाग सलग सहा वेळा धुवायचा आणि प्रत्येक धुण्याचा वेगळा फिल्टर काढायचा. एखाद्या धुण्यात निघालेला कचरा हा तोवरच्या एकूण कचऱ्याच्या १० टक्के किंवा कमी आला की पद्धत पास.

समजा पहिल्या धुण्यात ६.० मिलिग्रॅम निघाले, दुसऱ्यात १.६, तिसऱ्यात ०.५. दुसऱ्याचं प्रमाण १.६ भागिले ७.६, म्हणजे २१ टक्के. अजून बाकी आहे. तिसऱ्याचं ०.५ भागिले ८.१, म्हणजे साधारण ६ टक्के. झालं. पहिल्या दोन धुण्यांतच या तीन धुण्यांतला ९० टक्क्यांहून जास्त कचरा निघाला होता, म्हणून रोजच्या तपासणीत तेवढा वेळ आणि तेवढा द्रव वापरायला हरकत नाही. ते आकडे वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये कायम करा.

सहा धुण्यांनंतरही १० टक्क्यांखाली येत नसेल तर तीन शक्यता असतात. धार कमजोर आहे किंवा चुकीच्या ठिकाणी पडते आहे. पद्धत भागाला झिजवते आहे. किंवा भागावर सैल बर आहेत आणि ते एकेक करून सुटताहेत. तिसरी शक्यता असेल तर लॅबमध्ये वेळ घालवू नका, डिबरिंगला (बर काढण्याच्या कामाकडे) जा.

ब्लँक

भाग सोडून सगळं तसंच करायचं. तोच ट्रे, तेवढाच द्रव, तेवढाच वेळ, तीच माणसं, त्याच प्रकारचा फिल्टर. जे फिल्टरवर येईल तो तुमच्या चाचणीचा स्वतःचा कचरा. वजनाची मर्यादा ३ मिलिग्रॅम असेल तर ब्लँक ०.३ च्या आत हवा. प्रत्येक आकाराच्या वर्गातही परवानगी असलेल्या संख्येच्या १० टक्क्यांच्या आत. आणि सगळ्यात मोठा कण हा ग्राहकाच्या मर्यादेच्या निम्म्याहून मोठा नको. मर्यादा ६०० असेल तर ब्लँकमध्ये ३०० मायक्रॉनच्या वरचा कण दिसता कामा नये.

ब्लँक नापास झाला तर तो निकालातून वजा करायचा मोह टाळा. वजा करून कण जात नाही. कारण शोधा. निळे धागे दिसले तर ॲप्रन, पारदर्शक चकत्या दिसल्या तर प्लास्टिकची बाटली, तांबूस कण दिसले तर नळी किंवा ट्रेचा जुना सांधा. ब्लँक रोज, आणि सॉल्व्हंट बदलला की लगेच. ज्या अहवालाला ब्लँकचा फिल्टर जोडलेला नाही तो अहवाल मी ग्राहकाला पाठवू देत नाही, मग डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असली तरी.

गाळणं, सुकवणं, वजन

फिल्टरचा प्रकार सॉल्व्हंटशी जुळला पाहिजे. सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर ॲसिटोनमध्ये विरघळतो. ५ मायक्रॉनचा पॉलिएस्टरचा जाळीदार फिल्टर बहुतेक सॉल्व्हंटांना टिकतो आणि मोठ्या कणांच्या मोजणीला चांगला असतो. कचरा जास्त असेल तर आधी जाड जाळीचा आणि खाली बारीक असे दोन फिल्टर लावा, नाहीतर कण एकमेकांवर चढतात आणि सूक्ष्मदर्शकाला दोन छोट्या कणांचा एक मोठा दिसतो.

वजन हा आपल्या हवेत सगळ्यात नाजूक भाग आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंना हवा इतकी दमट असते की फिल्टर डेसिकेटरबाहेर काढल्यापासून वजन वाढायला लागतं. काट्यावर शेवटचा अंक डोळ्यांदेखत सरकताना दिसतो. सेल्युलोजचे फिल्टर यात सगळ्यात वाईट. म्हणून रिकामा फिल्टर आणि भरलेला फिल्टर, दोन्हींना अगदी सारखी वागणूक द्यायची: ओव्हनमध्ये साधारण ८० अंशांवर एक तास, मग डेसिकेटरमध्ये अर्धा तास, बाहेर काढल्यापासून ठरलेल्या सेकंदांत वाचन. सिलिका जेलचा रंग रोज बघा. पावसाळ्यात ते लवकर संपतं. खोलीत डीह्युमिडिफायर आणि एसी असेल तर उत्तम, पण एसीची हवा थेट काट्यावर नको.

सॉल्व्हंटने ओला फिल्टर थेट ओव्हनमध्ये ठेवायचा नाही. आधी व्हॅक्यूमवर हवा खेचून आणि फ्यूम हूडखाली कोरडा करायचा. साध्या ओव्हनमध्ये वाफ साठली तर ती पेटू शकते.

काटा कडप्प्याच्या जाड ओट्यावर, भिंतीपासून सुटा ठेवा. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस असेल तर प्रत्येक ठोक्याला आकडा हलतो. अशा वेळी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वजनं घेणं हा सरळ उपाय आहे. काटा ०.१ मिलिग्रॅम वाचणारा असेल आणि एका भागावर एखादाच मिलिग्रॅम निघत असेल, तर तो आकडा भरवशाचा नाही. दहा भाग एकत्र धुऊन वजन दहाने भागा, किंवा ०.०१ वाचणारा काटा घ्या.

सूक्ष्मदर्शकाखाली

वजन पास आणि भाग नापास, असं सहज होतं. एकटा ९०० मायक्रॉनचा चिप वजनात जाणवत नाही, पण व्हॉल्व्ह अडकवतो. कणाचा आकार म्हणजे त्याच्या टोकापासून टोकापर्यंतची सगळ्यात मोठी लांबी. स्वयंचलित यंत्र पूर्ण फिल्टर स्कॅन करतं, पोलरायझर फिरवून चमक तपासतं आणि धातूचे चकाकणारे कण वेगळे काढतं. काळवंडलेला किंवा गंजलेला धातू चकाकत नाही, तो "अधातू" म्हणून जातो. हे यंत्राचं अंगभूत अपुरेपण आहे, म्हणून सगळ्यात मोठे दहा कण माणसाने स्वतः बघावेत. जिथे एकमेकांना चिकटलेले कण यंत्राने एक धरले असतील ते तिथेच पकडता येतं. लांबी रुंदीच्या २० पटींहून जास्त असेल आणि रुंदी ५० मायक्रॉनच्या आत असेल तर तो तंतू धरतात.

यंत्राची किंमत परवडत नसेल तर मोजपट्टीवाला स्टिरिओ सूक्ष्मदर्शकही सुरुवातीला पुरतो. सगळे कण मोजता येणार नाहीत, पण सगळ्यात मोठा धातूचा, सगळ्यात मोठा अधातूचा आणि सगळ्यात लांब तंतू सापडतो, फोटो काढता येतो.

कणाचा चेहरा ओळखायला शिका. वळलेला, चकचकीत, पिळाच्या आकाराचा असेल तर ड्रिल किंवा टॅपचा. चपटा, एका बाजूला फाटलेला असेल तर तुटलेला बर. अगदी गोल मणी असेल तर शॉट ब्लास्टिंग, वेल्डिंग किंवा ईडीएम (ठिणगीने धातू कापणं). काचेसारखा, टोकदार, पारदर्शक असेल तर कास्टिंगच्या कोअरची वाळू किंवा फुटलेला ग्लास बीड. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळसर चमकणारा धागा बहुतेक कपड्याचा किंवा कागदाचा. हिरवा किंवा निळा पापुद्रा असेल तर क्रेटचा रंग तपासा. वाळू आणि ग्राइंडिंग व्हीलचा ॲल्युमिना हे कठीण कण असतात, बेअरिंग खातात. शंका असेल तर तेवढाच कण एसईएम-ईडीएक्स (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक्स-रे तपासणी) करणाऱ्या लॅबमध्ये पाठवा, त्यातली मूलद्रव्यं कळतात. बाहेरची लॅब निवडताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच विचारू नका. ती मान्यता याच चाचणीसाठी आहे का, हे तिच्या व्याप्तीत बघा.

नापास आला तर

दुसरा भाग उचलून पुन्हा चाचणी करू नका. पहिला फिल्टर झाकणाच्या पेट्री डिशमध्ये, भाग क्रमांक, लॉट, तारीख आणि माणसाचं नाव लिहून ठेवा. मोठ्या कणाचा फोटो घेऊन सेटरला (मशीन लावून देणाऱ्या कारागिराला) दाखवा. तो बघितल्या बघितल्या सांगेल की हा कुठल्या ऑपरेशनचा आहे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतं. मग मागे मागे जात प्रत्येक ऑपरेशननंतर एकेक नमुना धुवा: मशीनिंगनंतर, डिबरिंगनंतर, वॉशिंगनंतर, तेल लावल्यावर, पॅकिंगनंतर. वॉशिंगनंतर स्वच्छ आणि तेलानंतर घाण आला तर तेलाचा पिंप गाळा. वॉशिंगनंतरच घाण आला तर वॉशिंगच्या टाकीचा फिल्टर आणि नोझलं बघा, बहुतेकदा एखादं नोझल चोंदलेलं असतं. ग्राहकाला उत्तर देताना दोन्ही फिल्टरांचे फोटो, भागाचा आणि त्याच दिवशीच्या ब्लँकचा, शेजारी शेजारी जोडा, आणि त्याखाली ज्या ऑपरेशननंतर कण पहिल्यांदा दिसला त्याचं नाव लिहा.